उशाचा दगड

जून महिना होता आणि दुकानात ॲडमिशनच्या पोरांची गर्दी होती. एका मुलीला स्टुलावर बसवून मी हनुवटी जरा वर घे म्हणत होतो, तेवढ्यात फोन वाजला. कोयनानगरहून अजमलचा, माझ्या मेव्हण्याचा. तो म्हणाला, "भाईजान, दुकान बंद करा."

मी म्हटलं, "का? गर्दी हाय."

तो परत तेच म्हणाला. "दुकान बंद करा. घरात कोण हाय का तुमच्याजवळ?"

मग मला कळलं. त्याने पुढे काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी हनुवटी वर करून तशीच बसली होती. मी तिचा फोटो काढला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. नंतर शेजारच्या दादासोने शटर ओढलं.

सुगराबी, माझी बायको, आदल्या आठवड्यात भावाकडे गेली होती. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसली आणि बसल्या जागी गेली. तिला कसला आजार नव्हता. डॉक्टर हृदयाचं काही बोलले.

कोयनेहून पाटण, कऱ्हाड करत ॲम्ब्युलन्स आमच्या गावात पोचली तेव्हा दुपार उलटून गेली होती. आमचं गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. मयत ताटकळत ठेवू नये असं सगळे म्हणाले आणि ते बरोबरच होतं. पण अल्फिया, आमची एकुलती मुलगी, मस्कतमध्ये होती. तिला विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं. तिच्यासाठी थांबता आलं नाही. मगरीबच्या नमाजनंतर, अंधार पडता पडता, बारीक पावसात आम्ही माती दिली.

अल्फिया आली ती तिसऱ्या दिवशी, जियारतला. आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. असं का, हे कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. पुरुष फुलं घेऊन गेले आणि अल्फिया घरात बायकांच्यात बसून राहिली. संध्याकाळी मी तिला मोटारसायकलवर कबरस्तानच्या फाटकापर्यंत नेलं. फाटकातून चिंचेची झाडं दिसतात आणि भिंत दिसते. कबरी खालच्या अंगाला, नदीकडे आहेत. ती थोडा वेळ गज धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चला अब्बा."

आठवड्याने ती परत गेली. जाताना तिने मला एकच गोष्ट मागितली.

"अब्बा, मला अम्मीच्या कबरीचा फोटो पाठवा."

मी म्हटलं, "शोएबनं पाठवला हुता की तुला." शोएब माझा पुतण्या.

"त्यो मी पुसून टाकला. त्यात माणसांच्या चपला हायत, पिवळी पिशवी हाय. तुमी काढा. अम्मीला आवडायचा तसला. काळापांढरा."

तसला म्हणजे कसला, हे सांगायला हवं.

मी दस्तगीर शिकलगार. गेली कितीतरी वर्षं गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, आयकार्ड, फ्लेक्सवरचे वाढदिवस हे सगळं मी करतो. आमच्या धंद्यात फोटो भरलेला लागतो. नवरानवरी चौकटभर पाहिजेत, वर कोपरा उरला तर त्यात गुलाब टाकायचे, खाली उरला तर नाव टाकायचं. कोपरा मोकळा राहिला तर गिऱ्हाईक म्हणतं, हितलं छापायचं राहिलं काय? मीही तसाच शिकलो होतो.

सुगराबी कोयनानगरची. तिचे वडील प्रकल्पात वायरमन होते, ती वसाहतीतच वाढली. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली उतरतं आणि काठ उघडे पडतात. लांबच लांब उतार, पाण्याने सोडलेल्या रेघा आणि पुढे सपाट पाणी. तिचं सगळं लहानपण त्या काठावर गेलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मी माझा याशिका घेऊन गेलो होतो, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा तो डबा कॅमेरा. तिला पाण्याच्या कडेला उभं केलं आणि पुढे पुढे जाऊन काचेत तीच तीच भरेल असं केलं. ती म्हणाली, "तुमी मला बघायला हितवर आलाय व्हय? मी घरात बी हाय की."

मग तिने मला मागे हटवलं. अजून मागे, अजून मागे. मी म्हटलं आता तू मुंगीएवढी दिसतेस. ती म्हणाली, "दिसू द्या. बघणाऱ्याला बसायला जागा ठेवा जरा."

तो फोटो मी नाइलाजाने काढला. डार्करूममध्ये कागदावर तो वर आला आणि मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. वरचं सगळं आभाळ, मधलं सगळं पाणी, त्यांची हद्द कुठे ते कळत नव्हतं, आणि खाली एका बाजूला काठाची काळी पट्टी. त्या पट्टीवर ती. बाकी फोटोत काहीच नव्हतं, आणि तरी त्यातलं काही काढून टाकता येत नव्हतं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही तिथं जायचो. कडक ऊन पडलं की ती कॅमेरा बाहेर काढू द्यायची नाही. म्हणायची, आज पाणी लय चमचम करतंय, आज बसा. मळभ आलं, धुकं उतरलं की मग चला. पुढे पुढे तीच सांगायची, हे झाड नको, ती नाव जाऊ द्या, आता काढा. आणि डार्करूममध्ये तर माझ्यापेक्षा तिचा हात चांगला. आभाळाचा पांढरा भाग ती नुसता कोरा ठेवू द्यायची नाही. त्यात राखेएवढा तरी रंग यायला हवा, नाहीतर ते आभाळ न दिसता कागदाला पडलेलं भोक दिसतं, असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती तळहाताची सावली धरून कागदावर थोडा थोडा जादा उजेड सोडत बसायची. आणि निगेटिव्ह छापायच्या यंत्रात लावायच्या आधी ती तिचा कोपरा ओठाला लावायची. फिल्मची एक बाजू औषधाची असते, ती ओल्या ओठाला किंचित चिकटते. ती बाजू खाली ठेवायची. उलटी लागली तर फोटो आरशातल्यासारखा छापून येतो, डावं उजवीकडे जातं. मी चष्मा लावून, दिव्याकडे धरून बघायचो. ती ओठाला लावून मोकळी.

हे फोटो कुणी विकत घेत नाही. चार-पाच मी दुकानात काउंटरच्या मागे लावले होते. दादासो मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेला माणूस, माझ्या शेजारी त्याचं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. त्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "दस्तगीर, ह्यो फोटो काढलाय का काढायचा ऱ्हायलाय रं?"

सुगराबी आतून म्हणाली, "भावजी, तुमाला कळायचं न्हाई. त्यात तोफ न्हाई ना."

"तोफ कशाला वैनी, एक म्हस तरी पाहिजे हुती गड्या एवढ्या पाण्यात!"

तर अल्फियाला तसला फोटो हवा होता.

मोबाइलवर काढून रंग घालवला असता तर काम मिनिटाचं होतं. पण तसं मला करायचं नव्हतं. फिल्म गावात मिळत नाही, जिल्ह्यातही नाही. बेंगलोरहून मागवली. कागदाचं एक जुनं पाकीट फ्रिजमध्ये होतं, सुगराबीने भाजीच्या खणाखाली ठेवलेलं. औषधं होती. फिल्म येईपर्यंत जुलै लागला.

मला उजेड हवा होता तसा मिळायला काही दिवस गेले. एका पहाटे नदीवरून धुकं गावात आलं आणि मी कॅमेरा घेऊन निघालो. कबरस्तानात मोहिद्दीन चाचा होते. ते तिथली देखभाल करतात, कबरी खणण्याचं कामही त्यांच्याच देखरेखीत होतं. जमातीत त्यांच्या शब्दाला मान आहे. माझ्या हातात कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, "हितं कुणाचं लगीन हाय रं?"

"चाचा, पोरीला कबर बघायचीय. फोटो पाठवतो."

त्यांनी हातातला खराटा चिंचेला टेकवला. मला वाटलं आता नको म्हणतील.

"आजवर हितला फोटो कुणी काढला न्हाई," ते म्हणाले. "मानसं येऊ देऊ नगंस त्यात."

"कुणी येणार न्हाई."

"मी बी न्हाई?"

"तुमी बी न्हाई."

"मग माझा कवा काढणार? मी बी हितंच येणार हाय की."

"तुमचा रंगीत काढतो, चाचा."

ते हसले आणि लांब जाऊन उकिडवे बसले.

सुगराबीची कबर सगळ्यांत खालच्या रांगेत आहे. पुढे गवताचा उतार आणि मग नदी. साधी मातीची कबर, पावसाने जरा बसलेली. उशाला एक काळा दगड. पायथ्याला काही नाही. मी मागच्या बाजूला, नदीकडे तोंड करून उभा राहिलो आणि कॅमेरा पोटाशी धरून काचेत बघितलं. नदी दिसत नव्हती, पलीकडचा काठ तर नाहीच. पांढरंच पांढरं. त्यात पाणी कुठे आणि धुकं कुठे ते कळत नव्हतं. मी मागे सरकत, कॅमेरा जरा वर, जरा बाजूला करत गेलो. शेजारच्या कबरी सुटल्या. गवत सुटलं. शेवटी खाली कडेला एक काळसर उंचवटा राहिला आणि त्याच्या टोकाला दगड. वर सगळं रिकामं.

अजून थोडं मागे, असं कुणी म्हणेल म्हणून मी थांबलो. मग काढला.

फिल्म त्याच दिवशी धुतली. फोटो छापायला बसलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. दुकानामागच्या मोरीत आमची डार्करूम, लाल दिवा, तीन ट्रे. तिथे मी एकट्याने कधी काम केलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच नाही, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं. दोन कागद वाया घालवले. एक फार काळा झाला, दुसऱ्यात आभाळाला भोक पडलं. तिसऱ्याला मी तळहाताची सावली धरत आभाळावर जादा उजेड सोडला आणि राखेएवढा रंग आला. ट्रेमध्ये फोटो वर येत गेला. मी काचेत जसं बघितलं होतं तसंच सगळं होतं. उंचवटा, दगड, वरची मोकळी जागा. मला बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी नीट झालं असं वाटलं.

वाळवून, दोन पुठ्ठ्यांत घालून कुरिअरने मस्कतला पाठवला.

पोचल्याचा मेसेज आला. "मिळाला अब्बा." त्यापुढे काही नाही. मी चार दिवस वाट बघितली. फोन केला तर म्हणाली, कामात आहे. आवाज बसलेला होता. मी समजलो की फोटो बघून तिला रडू आलं असेल, आणि ते तर यायचंच.

मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. आम्ही घरात आमची दखनी बोलतो, पण दुकानात असलो की मराठी. मी दुकानात होतो.

"अब्बा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"अम्मीला खाली कुणी ठेवलं?"

"तुझ्या मामानं. मी वर हुतो. का गं?"

"उजेड हुता का?"

"बॅटऱ्या हुत्या. का पण?"

ती मग म्हणाली, "अब्बा, नदी गावाच्या पश्चिमेला हाय. बरोबर? फोटोत नदी समोर हाय. म्हंजे उजवा हात उत्तर. दगड डावीकडं हाय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मग?"

"मग अम्मीचं डोकं दक्षिणेला हाय, अब्बा. तुमी अम्मीला उलटं ठेवलंय."

आमच्यात कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, आणि उजव्या कुशीवर तोंड पश्चिमेला वळवतात, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. हे लहान पोरालाही माहीत असतं. डोकं दक्षिणेला आलं तर माणूस किब्ल्याकडे पाठ करून कायमचा झोपला असा त्याचा अर्थ.

मी म्हटलं, "असं हुईल का येडे? एवढी मानसं हुती."

"घाई हुती ना सगळ्यास्नी," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबायला वेळ न्हवता एवढी घाई हुती."

तिने फोन ठेवला.

मी तिथेच बसलो. खरं सांगायचं तर एक क्षण मलाही काही आठवेना. पाऊस होता, बॅटऱ्यांचे उजेड इकडेतिकडे हलत होते, अजमल खाली उतरला होता, मी वर उभा होतो. कुठल्या बाजूला उभा होतो? उशाकडे. पण उशाची बाजू कुठली होती? मी डोळे मिटून बघितलं तर मला फोटोच दिसायला लागला. डावीकडचा दगड.

मग उठलो आणि निगेटिव्ह काढून ट्यूबलाइटकडे धरली. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले असतात. ती अक्षरं सुलट वाचता येतील अशी धरली की चित्रही सुलट असतं. अक्षरं सुलट धरली. दगड उजवीकडे होता.

मी निगेटिव्ह यंत्रात उलटी लावली होती. औषधाची बाजू वर.

आणि ते मला कळलं नाही, त्याचंही कारण सापडलं. त्या डबा कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटंच दिसतं, डावं उजवीकडे. फोटो काढताना मी जे बघितलं ते उलटं होतं, आणि छापला तोही उलटा, म्हणून तो मला ओळखीचा वाटला. फोटोत एखादी पाटी असती, चिंचेचं झाड असतं, पलीकडच्या काठावरचा टॉवर असता, तर चूक लगेच दिसली असती. पण मी सगळं बाहेर ठेवलं होतं. त्या पांढऱ्यात डावं-उजवं सांगणारं काहीच उरलं नव्हतं, एक दगड सोडून.

मी लगेच अल्फियाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"खरं सांगताय का माझी समजूत घालताय?"

"अल्फिया, मी खोटं बोलीन का ह्यात?"

"तुमी लोकांच्या तोंडावरचे मस काढता, अब्बा. गेलेल्या मानसाला घरच्यांच्या फोटोत उभं करता. आता सरळ फोटो पाठवाल. मला कसं कळायचं त्यातला कुठला खरा?"

फोटोग्राफरचीच पोर ती. तिच्यासमोरच मी लोकांच्या मेलेल्या वडलांना सुनेच्या डोहाळजेवणात बसवलेलं आहे. मी म्हटलं, "उद्या सकाळी तितनं व्हिडिओ कॉल करतो. तुला नदी दाखवतो, दगड दाखवतो, सूर्य कुठनं उगवला त्यो बी दाखवतो. मग तर झालं?"

"करा," ती म्हणाली.

त्या रात्री पाऊस लागला आणि सकाळी थांबला नाही. मी छत्री घेऊन निघालो तर दादासो त्याच्या दुकानातले पाइप माळ्यावर चढवत होता.

"कुठं निघालास?"

"कबरस्तानात."

"खुळा हायस का? कोयनेची दारं उघडलीत. रातीतच पाणी चढलंय. खालची आळी उठवाय लागलेत."

मी तरी गेलो. फाटकापर्यंत जाता आलं. चिंचांच्या बुंध्यांना पाणी लागलं होतं आणि त्याच्या पलीकडे काही नव्हतं. नदी कुठे संपली, कबरस्तान कुठे सुरू झालं, सांगता येत नव्हतं. सपाट, मळक्या पांढऱ्या रंगाचं पाणी, वर तसंच आभाळ. कुठल्या तरी झाडाचा शेंडा मधे होता. मी फोन काढला, पण कॉल केला नाही. तिला काय दाखवणार होतो? मोहिद्दीन चाचा रस्त्यावर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी मला हाताला धरून मागे आणलं.

"जागा माझ्या ध्यानात हाय," ते म्हणाले. "पानी काय, यील आन जाईल. मागच्या महापुराला बी आलं हुतं. एक एक कबर मी परत उचलली हाय."

"दगड?"

"दगड सापडंल. न्हाईतर दुसरा बसवू."

दुकानात आलो. आमचं दुकान उंचावर आहे, तिथे पाणी आलं नाही. मी निगेटिव्ह ट्यूबलाइटवर धरून मोबाइलने तिचा फोटो काढला, कडेची अक्षरं वाचता येतील असा, आणि अल्फियाला पाठवला. सोबत लिहिलं की अक्षरं कुठल्या बाजूला आहेत बघ आणि दगड कुठे आहे बघ. कबरस्तानात पाणी आलंय हेही लिहिलं. ते लपवून उपयोग नव्हता, तिने बातम्यांत बघितलंच असतं.

मग पाकिटातला कागद घेऊन परत डार्करूममध्ये गेलो आणि फोटो सरळ छापला. या वेळी कोपरा ओठाला लावून बघितला. फोटो चांगला आला, आभाळ पहिल्यापेक्षा चांगलं आलं. पण त्याच्याकडे बघताना मला तो परका वाटत होता. दगड उजवीकडे, आणि माझ्या डोळ्यांना सवय डावीकडची. खरा हाच, हे मला अक्षरांनी सांगितलं होतं. मी तिथे उभा होतो, काचेत बघितलं होतं, तरी मला ते अक्षरांकडून समजून घ्यावं लागलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पाणी अजून उतरत नव्हतं. अर्धं गाव शाळेत होतं आणि मी पण तिथेच भाताच्या पंगतीला वाढत होतो. बाहेर व्हरांड्यात आलो.

"बघितलं अब्बा," ती म्हणाली. "अक्षरं सुलटी हायत."

"मग पटलं?"

"पटलं." मग म्हणाली, "मी तुमाला लय बोलले."

"असू दे."

"ते तुमाला न्हवतं. मी नसताना सगळं झालं ना, मग काय बी डोक्यात येतं. रोज उठलं की वाटायचं, अम्मी तिकडं तोंड करून पडलीय आन कुणाला म्हाईत बी न्हाई. कुणाला सांगू बी शकत न्हवते."

"सरळ फोटो छापलाय. पाणी उतरलं, कुरिअर चालू झालं की पाठवतो."

"नको," ती म्हणाली.

"का?"

"त्यो बी फोटोच की. आन त्यातली कबर आता न्हाई. पाण्यानं ठेवली असंल का?"

 आत कुणीतरी भाताचं पातेलं ओढत होतं.

"मला तिथं उभं ऱ्हायचंय, अब्बा. एकदाच. माझ्या पायांनी. डिसेंबरात येते मी, ह्यांना सुट्टी हाय तवा. तुमी चाचांना विचारा. पहाटे जाऊ, कुणी नसताना. मी रडणार न्हाई, आवाज करणार न्हाई, लांबनंच बघते म्हणावं. जमात न्हाई म्हणली तर न्हाई म्हणू द्या, पर विचारा तरी."

"विचारतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

पाणी उतरायला आठवडा लागला. नंतर मी खाली जाऊन आलो. कबरस्तान सगळं एका रंगाचं झालं आहे. गुडघाभर गाळ, त्यावर उन्हाने पडलेल्या भेगा, कुठे बाटल्या, कुठे उसाचं वाडं. उंचवटा एकही राहिलेला नाही. खालच्या रांगेची जागा चाचांनी काठीने दाखवली. इथं शिकलगारीण, इथं बागवानांचा म्हातारा, इथं ते जुळं. मी काठीच्या टोकाकडे बघितलं. सपाट गाळ होता. चाचा म्हणाले, वाळू दे, मग माती घालू, आत्ता घातली तर परत खचंल.

त्या वेळी मी विचारू शकलो असतो. चाचा निवांत होते, आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं आणि दगडाचं विचारलं. ते म्हणाले, शोधतोय.

त्यानंतरही ते मला रोज भेटतात, मशिदीत भेटतात, दुकानावरून जातात. एकदा चहाला बसले. दादासो होता म्हणून मी बोललो नाही. दादासो गेल्यावर पण बोललो नाही. ते नाही म्हणाले तर अल्फियाला काय सांगायचं, हे मला सुचत नाही. आणि हो म्हणाले तर तिला तिथे काय दाखवायचं, तेही सुचत नाही. अल्फिया फोनवर दर वेळी शेवटी विचारते आणि मी म्हणतो, गाळ वाळू दे.

आता गाळ वाळला आहे. दगड मिळालेला नाही. कबरीवर माती घालायची राहिली आहे, आणि मोहिद्दीन चाचांना मी अजून विचारलेलं नाही.